डव्हकॉट-एलडीए आणि एलएमटीपी: मेलबॉक्सापर्यंतच्या दोन वाटा

पोस्टफिक्स या मेलची ने-आण करणाऱ्या सर्व्हरने बाहेरून आलेला मेल स्वीकारला, त्याची स्पॅमसाठी तपासणी झाली, तो रांगेत लागला, तरी वापरकर्त्याच्या मेलबॉक्सात पडायचा तो बाकीच असतो. हे शेवटचे काम मेलबॉक्स सांभाळणाऱ्या डव्हकॉट या सर्व्हरकडे सोपवायचे ठरवले की दोन वाटा समोर येतात: डव्हकॉट-एलडीए (लोकल डिलिव्हरी एजंट) ही कमांड लाइनवरून चालणारी आज्ञा आणि एलएमटीपी (लोकल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल) ही सतत चालू असणारी सेवा. डव्हकॉटच्या आधीच्या आवृत्त्यांत या आज्ञेचे नाव नुसतेच ‘डिलिव्हर’ होते. २०१० मधल्या २.० आवृत्तीत तिला आजचे नाव मिळाले आणि त्याच आवृत्तीत एलएमटीपी सर्व्हरही आला. दोन्ही वाटांनी सीव्हचे (मेल आपोआप फोल्डरांत लावणाऱ्या भाषेचे) नियम चालवता येतात, कोटा (जागेची मर्यादा) मोजता येतो, इंडेक्सच्या फायली अद्ययावत होतात आणि मेल अखेरीस त्याच मेलडिरमध्ये (मेल साठवण्याच्या डिरेक्टरीत) दिसतो. त्यामुळे एलएमटीपी म्हणजे एलडीएचीच वेगवान आवृत्ती, असा समज सहज होतो. वेग हा त्यातला गौण भाग आहे. मेल कोणाच्या हक्काने लिहिला जातो आणि तो पोचला की नाही याचे उत्तर कोणत्या रूपात परत येते, यात खरा फरक आहे.

एलडीएचे काम दिसायला अगदी साधे आहे. संपूर्ण मेल स्टँडर्ड इनपुटमधून द्यायचा, ‘-डी’ पर्यायाने वापरकर्त्याचे नाव सांगायचे, ‘-एफ’ने लिफाफ्यावरचा प्रेषक आणि ‘-ए’ने मूळ पत्ता कळवायचा, ‘-एम’ दिल्यास मेल इनबॉक्सऐवजी सांगितलेल्या फोल्डरमध्ये जातो. आज्ञा आपले काम उरकून संपते आणि मागे ठेवते तो एक्झिट कोड, म्हणजे फक्त एक आकडा. शून्य म्हणजे मेल पोचला, ६४ म्हणजे आज्ञा चुकीच्या पद्धतीने दिली गेली आणि ७५ म्हणजे तात्पुरती अडचण. मेख या ७५ मध्ये आहे, कारण जवळपास प्रत्येक बिघाडाला एलडीए हाच आकडा परत करते, मग डिस्क भरलेली असो, सॉकेटची (दोन प्रोग्रामांना जोडणाऱ्या दुव्याची) परवानगी नसो किंवा कॉन्फिगरेशनमध्ये चूक असो. पोस्टफिक्सच्या दृष्टीने ७५ म्हणजे ‘नंतर पुन्हा प्रयत्न करा’, आणि मूळ सेटिंगप्रमाणे तो पाच दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहतो. मेल हरवत नाही ही त्यातली चांगली बाजू. पण एखादी परवानगी चुकली असेल, तर कोणाचीही तक्रार येण्याआधी रांग फुगत जाते, आणि खरे कारण डव्हकॉटच्या लॉगमध्ये पाहिल्याखेरीज कळत नाही.

परवानग्यांचा विषय तर याहून नाजूक आहे. सर्व्हरवर खरी युनिक्स खाती असतील, तर पोस्टफिक्सची ‘मेलबॉक्स_कमांड’ एलडीएला त्या त्या वापरकर्त्याच्याच हक्काने चालवते, आणि ‘-डी’ची गरजच पडत नाही. सगळे मेलबॉक्स ‘व्हीमेल’सारख्या एकाच खात्याच्या मालकीचे असतील, तरीही काम सुरळीत चालते, फक्त त्या खात्याला वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या डव्हकॉटच्या ‘ऑथ-युजरडीबी’ सॉकेटपर्यंत पोचता आले पाहिजे. मात्र वापरकर्ते आभासी (सर्व्हरवर खरे खाते नसलेले) असून प्रत्येकाचा युआयडी (युनिक्समधला ओळख क्रमांक) वेगळा असेल, तर एलडीएला रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) हक्क मिळवून देण्यासाठी तिच्या फाइलला सेटयुआयडी बिट (फाइल मालकाच्या हक्काने चालवणारी खूण) लावावे लागते. अशी फाइल सर्वांना चालवण्याजोगी ठेवली तर एलडीए स्वतःच काम करायला नकार देते, कारण कोणत्याही स्थानिक वापरकर्त्याच्या हाती त्यातून रूटचा दरवाजा लागू शकतो. हा नकार योग्यच आहे, आणि माझ्या मते अशा मांडणीत एलडीएचा हट्ट सोडून देणे हेच शहाणपणाचे.

एलएमटीपीमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे पोस्टफिक्स कोणतीही आज्ञा चालवत नाही; तो फक्त एका सॉकेटवर बोलतो. पलीकडे डव्हकॉटची प्रक्रिया आधीपासून हक्कांसह चालू असते आणि प्रत्येक मेलसाठी ती त्या त्या वापरकर्त्याची ओळख धारण करते. हा प्रोटोकॉल १९९६ च्या आरएफसी २०३३ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) मध्ये मांडला गेला आणि तो एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हरांमधल्या मेलच्या नेहमीच्या प्रोटोकॉलचा, सख्खा भाऊ शोभतो: सुरुवातीला ‘ईएचएलओ’ऐवजी ‘एलएचएलओ’ म्हणायचे, पुढचे संभाषण बरेचसे तेच. महत्त्वाचा बदल मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या टिंबानंतर होतो. समजा, एकच मेल लेखा, भांडार आणि वसुली अशा तीन मेलबॉक्सांसाठी आला आहे आणि भांडाराचा कोटा भरलेला आहे. एसएमटीपीमध्ये मजकूर संपल्यावर तिघांसाठी मिळून एकच उत्तर मिळाले असते. एलएमटीपीमध्ये पत्त्यांच्या क्रमाने तीन उत्तरे येतात: २५० (स्वीकारला), ५५२ (जागा नाही), २५०. पोस्टफिक्स त्यावरून फक्त भांडाराचा मेल प्रेषकाकडे परत पाठवतो आणि इतर दोघांच्या बाबतीत निर्धास्त होतो. उत्तरासोबत कारणही शब्दांत येत असल्याने ते थेट पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये उमटते. मेल साठवायची स्वतःची रांग नसलेल्या सर्व्हरसाठीच हा प्रोटोकॉल बेतला आहे, म्हणून तो पोर्ट २५ वर चालवायचा नाही, असे आरएफसीमध्येच बजावलेले आहे.

असेच तीन पत्ते पोस्टफिक्सच्या ‘पाइप’मधून, म्हणजे बाहेरची आज्ञा चालवण्याच्या सोयीतून, एलडीएकडे द्यायचे, तर प्रति खेप एकच पत्ता अशी मर्यादा घालावी लागते आणि तीन वेगवेगळ्या प्रक्रिया सुरू होतात, प्रत्येक जण कॉन्फिगरेशन नव्याने वाचतो आणि वापरकर्त्याचा शोध नव्याने घेतो. थोड्या मेलच्या सर्व्हरवर हे जाणवतही नाही.

एलडीएवरून एलएमटीपीवर येताना दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. पहिले ठिकाण सीव्हचे: २.३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत प्लगइन बहुधा ‘प्रोटोकॉल एलडीए’ या विभागात लिहिलेले असते, ते ‘प्रोटोकॉल एलएमटीपी’मध्ये आपोआप येत नाही, आणि मग सगळे मेल कसलीही त्रुटी न दाखवता इनबॉक्समध्ये साचू लागतात. दुसरे ठिकाण नावाचे. मेलबॉक्स_कमांडमधून चालणाऱ्या एलडीएला फक्त खात्याचे नाव लागत असे. एलएमटीपीला डोमेनसह पूर्ण पत्ता मिळतो, आणि खाती सिस्टिमची असतील तर तो पत्ता खात्यांच्या यादीत सापडत नाही, म्हणून ‘असा वापरकर्ता नाही’ हे ५५० चे उत्तर येते. ‘ऑथ_युजरनेम_फॉरमॅट’मध्ये डोमेन गाळून फक्त नाव घेण्याची सूचना दिली की हे मिटते. हे ५५० कायमचे नकाराचे उत्तर असल्यामुळे इथे मेल रांगेत थांबत नाही, लगेच परत जातो; त्यामुळे बदल करण्यापूर्वी सॉकेटवर हाताने एक संभाषण करून पाहिलेले बरे.

यावरून एलडीए कालबाह्य झाली असे मात्र नव्हे. फेचमेल या मेल आणणाऱ्या प्रोग्रामने बाहेरच्या खात्यातून मेल ओढून आपल्या मेलबॉक्सात टाकायचा असेल, तर त्याच्या ‘एमडीए’ (मेल पोचवणारी आज्ञा सांगणाऱ्या) पर्यायात ही आज्ञा नेमकी बसते. सीव्हचा नवा नियम लिहिल्यावर जपून ठेवलेला एखादा मेल पुन्हा पुन्हा त्यातून काढून पाहायलाही तीच सोयीची आहे. एवढे ध्यानात ठेवावे की या वाटेने गेलेला मेल पोस्टफिक्सच्या कोणत्याही तपासणीतून जात नाही. शिवाय एलडीएने नाकारलेल्या मेलची सूचना ती स्वतःच प्रेषकाला पाठवते. फेचमेलने आणलेल्या मेलमध्ये तो प्रेषक बनावट असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून तिथे ‘-ई’ पर्याय द्यावा, म्हणजे नकाराचे कारण स्टँडर्ड एररवर छापून आज्ञा ७७ हा कोड परत करते आणि भलत्याच माणसाला पत्र जात नाही.