स्नूसमध्ये काच नसते, सोडा असतो

स्वीडनच्या स्नूसचा (ओठाखाली ठेवायची ओलसर तंबाखू) विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, त्यात काचेची बारीक पूड घालतात, तिनं ओठ आतून कापला जातो आणि निकोटिन थेट रक्तात उतरतं. गुटख्याबद्दलही आपल्याकडे हीच कथा फिरते. काचबिच काही नसतं हो. चमकतात ते मिठाचे कण, आणि खरी करामत करतो सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा.

लूज, म्हणजे सुटं, स्नूस म्हणजे दळलेली तंबाखू, पाणी, मीठ, वास-चवीचं काहीतरी आणि हा सोडा. चिमूटभर घेऊन बोटांनी दाबून गोळी करायची (तिकडे तिला प्रिल्ला म्हणतात) आणि वरच्या ओठाखाली हिरडीला टेकवून ठेवायची, चावायची नाही. नवख्याची गोळी हमखास फुटते, दातांवर पसरते, आणि मग घशात. खालच्या ओठात लाळ साठते म्हणून गोळी वर ठेवतात, त्यामुळे पिचकाऱ्याही माराव्या लागत नाहीत.

आता सोड्याकडे येऊ, कारण मला आवडतं ते हेच. निकोटिन हा बेस आहे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा. आम्लात त्याला हायड्रोजनचा आयन चिकटतो, रेणूवर धन प्रभार येतो, आणि असा प्रभारवाला रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहजी जात नाही, मोकळा रेणू मात्र आरामात सरकतो. मोकळे किती आणि अडकलेले किती हे पीएच ठरवतो, म्हणजे आम्लपणा मोजणारा आकडा: ७ च्या खाली आम्ल, वर बेस. निकोटिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू मोकळे असतात तो आकडा) साधारण ८, म्हणजे पीएच ८ असताना निम्मे मोकळे, निम्मे अडकलेले. ७ वर मोकळे जेमतेम ९ टक्के, ६ वर १ टक्का, आणि ८.५ वर एकदम ७६ टक्के, कारण मोकळे भागिले अडकलेले याचा लॉग म्हणजे पीएच वजा पीकेए, आणि लॉग असल्यामुळे पीएच अर्ध्यानं वाढला की हा भागाकार तिपटीहून जास्त वाढतो. स्नूसचा पीएच सोडा घालून साधारण ८ ते ८.५ ला आणतात. झालं, ओठ कापायची गरजच काय?

तळहातावर तंबाखूत चुना मळून बार भरणारा आपला माणूसही हेच करतो, फक्त त्याचा चुना सोड्यापेक्षा जहाल, चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर जातो, म्हणून तोंड भाजतं ते वेगळंच. सिगारेटचा धूर उलट आम्लधर्मी, तोंडात धरून फारसं मिळत नाही, छातीत ओढावाच लागतो.

रोज सिगारेट ओढणारेसुद्धा पहिल्या स्नूसला फसतात ते इथेच. झुरक्याचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, बास वाटलं की माणूस थांबतो. स्नूसमध्ये रक्तातली पातळी अर्धा तास हळूहळू चढत राहते, घेरी आल्यावर गोळी थुंकली तरी तोंडाच्या आतल्या त्वचेत शिरलेलं निकोटिन पुढे जातच राहतं. मेंदूत उलटीचा इशारा देणारा एक भाग असा आहे की तिथे रक्त आणि मेंदूमधली गाळणी सैल असते, म्हणून मळमळ, सोबत घाम आणि उचकीही. तज्ज्ञ लोक छोटी गोळी आणि थोडा वेळ एवढंच सांगतील, मी म्हणेन आधी तंबाखू लागलेली नसेल तर शिकायचंच कशाला, व्यसन लावणारा रेणू तोच आहे.

आणि "स्वीडनमध्ये चालतं, म्हणजे तंबाखू सेफ" हे फॉरवर्ड करणाऱ्यांना एकच सांगणं. १९९२ पासून युरोपियन युनियनमध्ये स्नूस विकायला बंदी आहे, १९९५ ला आत आलेल्या स्वीडननं तेवढी सूट मिळवली. तिथली तंबाखू वाफेनं तापवतात, त्यात जंतू मरतात, आणि नायट्रेटचं नायट्राइट करणारे जंतूच नसले की कॅन्सर करणारे नायट्रोसामाइन्स कमी बनतात. कमी, शून्य नाही, आणि हिरड्या मागे सरकायच्या त्या सरकतातच. आपल्या गुटख्यात ही वाफ नाही, वर सुपारी आहे, जी तंबाखूशिवायही कॅन्सर करते.