ॲटिकमध्ये सामानाची खोली करताय? कॅलिफोर्नियातलं वायरिंगचं परमिट आणि एएफसीआयचा नियम

बे एरियातल्या आपल्या घरांत ॲटिक म्हणजे माळाच. गणपतीचं मखर, आकाशकंदिलांची खोकी, भारतवारीच्या मोठ्या बॅगा, सगळं तिथे. मग एक दिवस वाटतं, खाली फळ्या टाकू, ड्रायवॉल लावू, एक दिवा आणि दोन प्लगपॉइंट घेऊ. नवी वायर ओढली की काम परमिटचं झालं. आणि अर्जात या जागेला तुम्ही काय म्हणता, यावर पुढचं बरंच ठरतं.

१ जानेवारी २०२६ पासून कॅलिफोर्नियात २०२५चा इलेक्ट्रिकल कोड लागू आहे. त्याचा पाया २०२३चा राष्ट्रीय कोड, म्हणजे एनईसी. त्यातलं कलम २१०.१२ म्हणतं की किचन, लिव्हिंग रूम, बेडरूम, हॉलवे, क्लॉझेट अशा खोल्यांतल्या १२० व्होल्टच्या १०, १५ आणि २० अँपच्या सर्किटना एएफसीआय, म्हणजे ठिणग्या ओळखणारा खास ब्रेकर, हवा. जोडणी सैल असेल किंवा केबलमध्ये खिळा घुसला असेल तर आत बारीक ठिणग्या पडत राहतात. करंट मर्यादेत असतो, म्हणून साधा ब्रेकर ढिम्म. एएफसीआय त्या ठिणग्या ओळखतो आणि सप्लाय तोडतो.

यादीत ॲटिक नाही. पण क्लॉझेट आहे, आणि शेवटी ‘किंवा तत्सम खोल्या’ हेही आहे. उघड्या तुळयांवर चार खोकी ठेवलीत तर ते ॲटिक. भिंती, जमीन, दार केलंत की इन्स्पेक्टर तिला क्लॉझेटच्या रांगेत बसवू शकतो, आणि अर्थ लावायचा अधिकार त्याचा. यावर हुज्जत घालण्यापेक्षा ब्रेकरचे पन्नास-साठ डॉलर खर्च करावेत, असं माझं मत. पुठ्ठ्यांनी भरलेली, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी आणि महिनोन्‌महिने कोणी न फिरकणारी जागा आहे ती! बेडरूमच्या जुन्या सर्किटमधूनच लाइन वर नेणार असाल तर तशीही सुटका नाही. सूट आहे ती फक्त सहा फुटांपर्यंतच्या आणि नवा पॉइंट न वाढवणाऱ्या बदलाला.

जीएफसीआयची गोष्ट वेगळी. तो माणसाला शॉक बसू नये म्हणून असतो, आणि त्याच्याही यादीत ॲटिक नाही. मात्र फर्नेस, म्हणजे घर गरम करणारं यंत्र, वर असेल तर त्याच्यापासून २५ फुटांच्या आत, त्याच पातळीवर, दुरुस्तीसाठी एक प्लगपॉइंट लागतो आणि त्याला जीएफसीआय सक्तीचा आहे. दिव्याचं बटण वर चढायच्या जागेपाशी हवं. खोली मुख्यतः कपड्यांसाठी असेल तर उघडा बल्ब चालत नाही. (पैठण्या तिथे ठेवूच नका, तो उन्हाळा त्यांना सोसणार नाही.)

वर एकदा टॉर्च घेऊन जा. तुळयांवरून आडवी गेलेली केबल दिसेल. कायमचा जिना किंवा शिडी असेल, तर जमिनीपासून सात फुटांच्या आत अशा केबलच्या दोन्ही बाजूंना तिच्याइतक्या उंचीच्या लाकडी पट्ट्या हव्यात. नाहीतर आपली बॅग तिच्यावरूनच सरकते. कायमची शिडी नसेल तर हा नियम वर जायच्या झरोक्याभोवतीच्या सहा फुटांपुरताच.

अर्ज कोण करू शकतं? घरमालक स्वतः ‘ओनर-बिल्डर’ म्हणून, किंवा सी-१० लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन. भाडेकरूंनी मालकाकडूनच करून घ्यावं. टाउनहाउस असेल तर आधी एचओएला, म्हणजे घरमालकांच्या संघटनेला, विचारा, तिथे ॲटिक सामाईक मालकीचं निघू शकतं. ओळखीच्या हँडीमनचा मोह टाळा. विनालायसन्स माणसाला १,००० डॉलरच्या आतलं काम घेता येतं, पण परमिट लागणारं काम त्याला मुळीच घेता येत नाही.

अर्ज शहराच्या बिल्डिंग डिपार्टमेंटकडे, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन. कामाचं वर्णन, खोलीचा साधा नकाशा, त्यावर दिवे, बटणं आणि प्लगपॉइंट, कोणत्या ब्रेकरवरून लाइन येणार ते, आणि कामाची अंदाजे किंमत. ओनर-बिल्डरला फोटो ओळखपत्र आणि जबाबदारी मान्य करणारा सहीचा फॉर्म द्यावा लागतो. तो न वाचता सही करू नका, कारण मदतीला मजूर घेतलात तर त्यांचे मालक तुम्ही ठरता, विम्यासकट. इलेक्ट्रिशियन अर्ज करणार असेल तर लायसन्स नंबर आणि कामगार विम्याचा दाखला त्याने जोडायचा. फी शहरागणिक वेगळी. काम १,००० डॉलरच्या वरचं असेल तर घरभर स्मोक अलार्म नियमाप्रमाणे आहेत का, हेही तपासतात. परमिट मिळाल्यापासून १२ महिन्यांत काम सुरू व्हायला हवं.

तपासणी दोनदा होते. पहिली केबल ओढून झाल्यावर, भिंती उघड्या असताना. तोवर ड्रायवॉलवाल्याला बोलावू नका, लावलेलं उचकटायला लावतात. दुसरी शेवटी. इन्स्पेक्टर एएफसीआयचं टेस्ट बटण दाबून बघतो आणि ब्रेकर पॅनेलच्या दारामागची यादी वाचतो. तिथे त्या ब्रेकरपुढे ‘ॲटिक स्टोरेज रूम, दिवा व प्लग’ असं स्पष्ट लिहिलेलं लागतं. ‘वरचा’ एवढंच लिहिलं असेल तर पेन हातात देऊन तिथेच दुरुस्त करायला सांगतात.