मूरवरचा सूर्यास्त: त्या जांभळ्या फोटोच्या मागे काय काय झालंय

मागच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डजवळच्या स्टॅनेज एज या कड्यावरून काढलेला एक फोटो आईला व्हॉट्सअपवर पाठवला. खाली जांभळ्या फुलांचं हीदर नावाचं झुडूप, वर केशरी आकाश, मध्ये जुना जात्यासारखा गोल दगड आडवा पडलेला (असे दगड तिथे ढिगाने पडलेत, धंदा बसला आणि घडवलेले तसेच सोडून दिले). आई कोकणातली. तिने सूर्य बघितलाच नाही, झूम करून लांबच्या टेकडीवरचे काळपट पट्टे बघितले आणि विचारलं, तिथे पण भाजावळ (भाताआधी जमीन भाजतात ती) करतात का रे?

करतात तर. फक्त भातासाठी नाही, पक्ष्यांसाठी.

मूर म्हणजे आपल्याकडच्या सड्यासारखं उघडं पठार, पण खाली जांभा नाही, काळी स्पंजसारखी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती, पाय ठेवला की मोजे ओले. बघणाऱ्याला वाटतं काय निसर्ग आहे, माणसाचा हात लागलेला नाही. खरं तर हजारो वर्षांपूर्वी इथे बऱ्याच ठिकाणी झाडी होती, माणसाने ती तोडली, जाळली, मेंढ्या सोडल्या आणि पावसाने बाकीचं काम केलं. मग एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, मागून भरायच्या बंदुका आल्या आणि श्रीमंत लोकांना ग्राउस नावाचा पक्षी मारायचा नाद लागला. ग्राउस हीदरचे कोवळे कोंब खातो आणि लपायला त्याला जुनं उंच हीदर लागतं, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी मिळावं अशा बेताने पट्ट्या पट्ट्यांनी हीदर जाळायची पद्धत पडली. शिकारीचा सीझन 12 ऑगस्टला उघडतो, हीदर फुलतं पण त्याच सुमाराला, म्हणजे फोटोवाले आणि बंदूकवाले एकाच महिन्यात वर.

आणि इथेच खरी भानगड होती. ज्यांची शिकार त्यांची जमीन, त्यामुळे मूरवर सामान्य माणसाला पाऊल टाकू द्यायचे नाहीत. मँचेस्टर आणि शेफील्डचे कामगार आठवडाभर गिरणीत आणि कारखान्यात, रविवारी चार पावलं मोकळ्या हवेत चालावं म्हटलं तर रखवालदार काठी घेऊन उभा. 24 एप्रिल 1932 ला बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा काही शे लोक घेऊन किंडर स्काउटवर सरळ घुसला. हे 636 मीटरचं पठार, डर्बीशरमधलं सगळ्यात उंच. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला, रॉथमनला चार महिने. गंमत म्हणजे नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हताच, म्हणून दंगलीची वगैरे कलमं लावली. ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क 1951 ला झालं ते याच भागात, पीक डिस्ट्रिक्ट. पण मोकळ्या मूरवर पायी कुठेही फिरायचा हक्क देणारा कायदा यायला 2000 साल उजाडलं. फे गॉडविन ही फोटोग्राफर मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते, कारण तिने उत्तरेकडच्या मूरचे जबरदस्त ब्लॅक अँड व्हाइट फोटो तर काढलेच, पण 1987 ते 1990 ती चालणाऱ्यांच्या संघटनेची, रॅम्बलर्सची, अध्यक्ष होती आणि कुंपणं, बंदीच्या पाट्या यांचे पण फोटो काढत होती. सुंदर मावळतीच्या मागे न लागता बंदीच्या पाटीसमोर ट्रायपॉड लावायला जिगर लागते.

समजा एकोणिसाव्या शतकात वर जायला मिळालं असतं, तरी असा फोटो आला नसता. 1851 नंतर जी ओली कोलोडियन प्लेट (फोटोसाठी रसायन लावलेली काच) आली तिला निळा प्रकाश दिसायचा, लाल जवळजवळ नाहीच. म्हणजे मावळतीचा सगळा खेळ ज्या रंगात, तोच तिला दिसत नाही. शिवाय जमिनीसाठी एक्सपोजर दिलं की आकाश पांढरं फट्टक. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे या फोटोग्राफरने 1856-57 च्या सुमाराला समुद्राचे फोटो काढताना यावर उपाय केला, आकाशाची निगेटिव्ह वेगळी, पाण्याची वेगळी, प्रिंट एक. 1873 ला बर्लिनमध्ये फोगेल या रसायनशास्त्रज्ञाला कळलं की ठराविक रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला दुसरे रंग पण दिसतात, आणि लालपर्यंत सगळं पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट विकत मिळायला लागल्या 1906 ला, क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीकडून. कलर फिल्म नंतर आली, पण आज आपल्या डोक्यात मूरचा जो भडक जांभळा-केशरी फोटो बसलाय त्यात मोठा वाटा फुजीच्या वेल्वियाचा, 1990 ची स्लाइड फिल्म, रंग असे की हीदर बघून डोळे दिपावेत. पण तिला उजेड-अंधाराचा फरक फारसा झेपायचा नाही, पाचेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), म्हणून लेन्ससमोर वर गडद खाली साफ असा ग्रॅज्युएटेड फिल्टर. डोंगरात हा फिल्टर वैताग देतो, सुळका अर्धा काळा होतो. मूरची कड कशी, फूटपट्टीने आखल्यासारखी सपाट, फिल्टर बरोब्बर बसतो, म्हणून हे लँडस्केप त्या फिल्टरला आणि तो फिल्टर या लँडस्केपला फार मानवला असं माझं मत.

अजून एक, इथे सूर्य तिरका उतरतो. पुण्यात बघता बघता अंधार पडतो, इथे 53 अंशावर ऑगस्टच्या मध्यात साडेआठनंतर सूर्य जातो आणि पुढे बराच वेळ उजेड रेंगाळतो, ट्रायपॉडचा पाय पीटमध्ये रुतला तरी उपसून परत लावायला वेळ मिळतो.

ल ग्रे दोन काचा घेऊन जे करायचा ते आता फोन स्वतःच भराभर फ्रेम्स घेऊन जोडून टाकतो. माझा फोटो पण फोनचाच होता. जळके पट्टे एडिटमध्ये पुसता आले असते, राहून गेले, आणि आईला नेमके तेच दिसले.