श्रेय न देता उचललेला मजकूर: तक्रारीची पद्धत कशी घडत गेली

विकिपीडिया २००१ साली सुरू झाला तो जीएनयू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली, म्हणजे श्रेय देण्यासारख्या अटी पाळून मजकूर कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली. हा परवाना मुळात सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांसाठी लिहिलेला. एक परिच्छेद वापरायचा तरी परवान्याचा अख्खा मजकूर सोबत द्यावा लागे. श्रेय न देता लेख जसेच्या तसे उचलून जाहिराती लावणारी संकेतस्थळे लवकरच उगवली. स्वयंसेवकांनी त्यांची यादी ठेवली आणि तक्रारीच्या पत्राचा ठरावीक मसुदा तयार केला. परवानाच किचकट असल्यामुळे प्रामाणिक माणूसही चुकत असे.

अशा अटींना कायद्याचे बळ आहे का, याचे ठोस उत्तर ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेत मिळाले. खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून झालेल्या 'जेकबसन विरुद्ध कॅट्झर' खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले, की मुक्त परवान्याची अट मोडणे हा कॉपीराइटचाच भंग ठरू शकतो. पुढच्या वर्षी विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या मुक्त परवान्यावर आला. आता श्रेयासाठी मूळ लेखाचा दुवा पुरतो. परवान्याचे नाव व दुवा आणि बदल केल्याची नोंद मात्र हवीच.

खरा पालट या परवान्याच्या २०१३ च्या ४.० आवृत्तीने केला. आधी अट मोडताच परवाना संपे आणि चूक सुधारली तरी आपोआप परत मिळत नसे. आता चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर परवाना आपोआप पूर्ववत होतो. म्हणूनच पहिल्या पत्रात 'मजकूर काढा' म्हणू नये, 'ही श्रेयओळ घाला' म्हणावे आणि ती ओळ तयार करूनच द्यावी. आपल्याला मजकूर पसरायलाच हवा आहे.

पत्राआधी त्या पानाची तारखेसह प्रत इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहात जतन करावी आणि लेखाचा संपादन-इतिहास ताडून पाहावा. कधी कधी आपल्याच लेखातला परिच्छेद त्याच संकेतस्थळावरून आलेला निघतो, आणि मग तक्रार उलटते. दुसरी गफलत म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनकडे दाद मागणे. मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्यांकडेच राहतो, त्यामुळे मराठी विकिपीडियावरच्या लेखासाठीही कायदेशीर नोटीस त्या लेखकानेच द्यायची असते.

पत्राला उत्तर आले नाही, तर भारतात कॉपीराइट नियम २०१३ मधील नियम ७५ आहे. तो मजकूर साठवणाऱ्या मध्यस्थ सेवेला लागू होतो. लेखी तक्रार मिळाल्यावर, ती योग्य वाटल्यास, सेवेने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही, तर ती सेवा तो पुन्हा खुला करू शकते.