एनसीव्ही (मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या) तपासणीला येण्याआधी

थंडीच्या दिवसांत येत असाल तर हातमोजे आणि लोकरी पायमोजे घालूनच या. जानेवारीत ग्वाल्हेरच्या मुरार भागातून लष्कर भागापर्यंत स्कूटरवर येताना हात गारठतात, आणि गार हातात मज्जातंतूचा वेग खरोखरच कमी भरतो. त्वचेचे तापमान एका अंशाने उतरले की वेग सेकंदाला साधारण दीड ते दोन मीटरने घटतो. निरोगी माणसाच्या रिपोर्टमध्ये नसलेला आजार दिसतो, तो असा. म्हणून हाताची त्वचा ३२ आणि पायाची ३० अंश सेल्सिअसच्या वर आल्याशिवाय आम्ही सुरुवात करत नाही. शेकण्यासाठी लागणारा वेळ गृहीत धरूनच निघा.

या तपासणीत मेंदू नव्हे, तर मज्जारज्जूपासून हातापायांपर्यंत गेलेले मज्जातंतू पाहिले जातात. पायाकडे जाणारा एकेक तंतू मीटरभर लांब असतो. जाड तंतूंवर वायरवरच्या प्लास्टिकसारखे मायलिनचे आवरण असते, पण ते सलग नसते. संदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी घेत जातो. त्यामुळेच निरोगी हातात वेग सेकंदाला ५० मीटर किंवा जास्त मिळतो, पायात ४०च्या वर. आवरण झिजले की वेग पडतो. आतला तंतूच मेला तर वेग बराचसा टिकतो, पण आलेखाची उंची घटते. डॉक्टरांना हा फरक फार महत्त्वाचा असतो, म्हणून रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे असतात.

मनगट आणि कोपर अशा दोन जागी विजेचा हलका झटका देतात. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. दोन जागांमधले अंतर टेपने मोजून, दोन्हीकडून संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेतल्या फरकाने भागले की वेग मिळतो. मोजताना हात हलला तर आकडा चुकतो.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, विशेषतः रात्री, तर मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन मज्जातंतू दबल्याची शंका घेतात. त्याच बोगद्यातून नऊ कंडराही (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) जातात. त्यांच्यावर सूज आली की जागा उरत नाही. करंगळी बधिर असेल तर कोपराशी अल्नर मज्जातंतू तपासतो. कधी त्रासाचे मूळ मानेत निघते.

तळपाय जळतात, पण रिपोर्ट नॉर्मल? जळजळ आणि वेदना वाहणारे बारीक तंतू या तपासणीत मोजलेच जात नाहीत. घरच्यांनी कृपया ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणू नये.

अपघातात मज्जातंतू तुटला तरी तुटल्या जागेखालचा भाग काही दिवस संदेश वाहतो. त्यामुळे पूर्ण चित्र साधारण तीन आठवड्यांनी कळते.

उपाशी येऊ नका, गरज नाही. त्या दिवशी तेल किंवा क्रीम लावू नका, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. अंगठ्या, बांगड्या घरी ठेवा. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वेळ ठरवतानाच सांगा, कारण झटके विजेचे असतात आणि काहींना सुईची ईएमजीही (स्नायूत सुई घालून करायची तपासणी) लागते. गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका.