कृष्णविवर वायू उधळतं, हे कळतं कसं?

कृष्णविवराची कुठलीही बातमी उघडा, ‘सगळं गिळणारा राक्षस’ त्यात असतोच. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील, पण त्याचा मथळा होत नाही! दीर्घिकांच्या केंद्रातली महाकाय कृष्णविवरं तर उधळण्यातही पटाईत. मार्केरियन २३१ या दीर्घिकेतून वर्षाला सुमारे ७०० सूर्यांइतका वायू बाहेर पडतोय, असा अंदाज २०१० मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ लहरींवरून काढला गेला. तोही थंड वायू, ज्यातून तारे जन्मतात तसला.

मला मात्र साध्या हायड्रोजनची युक्ती जास्त आवडते. त्याच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या फिरकीची दिशा एकच असते किंवा उलट. या दोन स्थितींमधल्या ऊर्जेचा फरक म्हणजे २१ सेंटिमीटरची लहर, वारंवारता सुमारे १,४२० मेगाहर्ट्झ. अणूंनी आपणहून सोडलेली ही लहर फार क्षीण असते. शिवाय एक घोळ आहे. डॉप्लर परिणामावरून, म्हणजे स्रोताच्या गतीमुळे लहरीच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, वायू आपल्याकडे येतोय एवढं कळतं. पण तो केंद्राच्या अलीकडे असून बाहेर पडतोय, की पलीकडे असून आत कोसळतोय?

इथे कृष्णविवराचा झोतच, म्हणजे त्याच्याजवळून प्रचंड वेगाने बाहेर फेकला जाणारा कणांचा प्रवाह, मदतीला येतो. तो स्वतः प्रखर रेडिओ स्रोत असतो. समोर आलेला हायड्रोजन त्यातली नेमकी हीच लहर शोषतो आणि वर्णपटात खळगा पडतो. शोषण झालं म्हणजे वायू अलीकडेच आहे, वाद मिटला! खळगा जास्त वारंवारतेकडे सरकला असेल तर वायू बाहेर पडतोय. सेकंदाला १,००० किलोमीटर वेगासाठी साधारण ४.७ मेगाहर्ट्झ. ३सी २९३ या दीर्घिकेत नेदरलँड्सच्या वेस्टरबोर्क दुर्बिणीला २००३ मध्ये सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटरपर्यंतचे वेग दिसले. खळगा एक टक्क्याहूनही उथळ. इतका, की रिसीव्हरमधल्या बारीक चढउतारांतही तो हरवून जावा.

वायू किती, हे सांगणं आणखी अवघड. त्याच वायूचं तापमान वाढलं की उद्दीपित उत्सर्जन (येणाऱ्या लहरीच्या धक्क्याने अणूंनी तशीच लहर सोडणं) शोषणाला खात जातं आणि खळगा भरत येतो. म्हणून तापमान १०० केल्विनऐवजी १,००० धरलं की वस्तुमानाचं उत्तर थेट दहापट होतं. ‘दीर्घिका रिकामी होतेय’ छापाचे आकडे वाचताना हे गृहीतक आधी शोधावं.

ढकलतं कोण, याचा एक पुरावा २०१३ मध्ये मिळाला. दूरदूरच्या दुर्बिणी जोडून ४सी १२.५० या दीर्घिकेत पाहिलं, तेव्हा वेगवान हायड्रोजनचा ढग सापडला. केंद्रापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षांवर, झोत जिथे आदळतो नेमका तिथेच.