टॉर्क स्टिअर: आडव्या इंजिनासोबत आलेली ओढ

ताकदवान फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं अशी, सरळ रस्ता, दुसरा गिअर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की टर्बो जोर धरतो आणि हातातलं स्टिअरिंग एकाएकी एका बाजूला ओढ घेतं. गिअर बदलायला पाय उचलला की ती ओढ नाहीशी होते, पण तिला अडवायला लावलेला जोर मनगटात शिल्लक असतो, म्हणून गाडी क्षणभर उलट्या बाजूला हलते. हाच टॉर्क स्टिअर; टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पुढच्या चाकांना ताकद दिली की हे व्हायचंच, असं पुष्कळ जण धरून चालतात. मला ते पटत नाही, कारण ही ओढ गाड्यांमध्ये कोणत्या रचनेबरोबर शिरली ते वर्षानिशी दाखवता येतं.

१९३४ च्या सित्रोएन त्राक्सियाँ आव्हाँमध्ये इंजिन लांबीत बसवलेलं होतं, गिअरबॉक्स त्याच्या पुढे आणि डिफरन्शियल, म्हणजे ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरसंच, मधोमध. त्यामुळे दोन्ही बाजूंचे ॲक्सल, म्हणजे तिथून चाकांपर्यंत जाणारे दांडे, सारखे. तेव्हाची डोकेदुखी वेगळीच होती: जे चाक वळतं त्यालाच फिरवायचं कसं? आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात गोळ्यांचा सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात वळूनही ताकद एकसारखी पोचवणारा सांधा, तयार केला होता, पण तो छोट्या गाड्यांपर्यंत पोचला १९५९ च्या मिनीमुळे. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं केलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला. जागा वाचली, पण इंजिन आणि गिअरबॉक्स दोघांना एकच ऑइल वापरावं लागलं.

खरं वळण आलं १९६४ मध्ये. फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनी गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या टोकाला, एका ओळीत बसवला. पहिला प्रयोग फियाटच्या नावावर नको म्हणून तो औटोबियांकी प्रिमुला या गाडीवर झाला. १९६९ मध्ये फियाट १२८ त्याच मांडणीवर आली, १९७४ मध्ये फोक्सवॅगन गोल्फही. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या याच रचनेच्या आहेत, आणि तिचं मोल मी कमी लेखणार नाही: इतक्या लहान गाडीत चार माणसं आणि सामान ऐसपैस बसवणं दुसऱ्या कुठल्या मांडणीला एवढं स्वस्तात जमलं नाही. पण डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या बाजूला सरकलं. एक ॲक्सल आखूड झाला, दुसरा लांब.

अशी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा. लांब ॲक्सल जवळपास आडवा दिसतो, आखूड मात्र तिरका. जोरात वेग घेताना गाडीचं नाक वर उठतं आणि हा फरक आणखी वाढतो. कोनात फिरणारा सीव्ही जॉइंट चाकाला त्याच्या वळण्याच्या अक्षाभोवती थोडा पीळ देतो. दोन्हीकडचा पीळ सारखा असेल तर दोन्ही चाकांना जोडणाऱ्या स्टिअरिंग रॅकच्या दांड्यात ते एकमेकांना मारतात, कमीजास्त असेल तर उरलेला हाताला जाणवतो. शिवाय लांब ॲक्सल जास्त पिळतो, म्हणून तिकडे ताकद निमिषभर उशिरा पोचते.

मिनीच्या ३४ किंवा फियाट १२८ च्या ५५ अश्वशक्तीत हे फारसं कोणाला कळणार नव्हतं. १९८० च्या दशकात टर्बो सर्रास आले आणि दोष उघडा पडला. त्यावरचा पहिला इलाज मला आजही सर्वात सुरेख वाटतो. लांब बाजूला गिअरबॉक्समधून एक मधला शाफ्ट काढायचा, त्याचं टोक इंजिन ब्लॉकला बोल्ट केलेल्या बेअरिंगमध्ये धरायचं आणि तिथून पुढे दोन्हीकडे सारख्या लांबीचे ॲक्सल जोडायचे. काहींनी लांब ॲक्सल जाड पोकळ नळीचा केला, म्हणजे तो आखूड ॲक्सलइतकाच पिळेल.

तरीही ओढ पुरती गेली नाही. १९९९ ची साब ९-३ व्हिगेन आणि २००२ ची २५० अश्वशक्तीची आल्फा रोमिओ १४७ जीटीए आजही त्यासाठी आठवल्या जातात. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतं, म्हणून एक चाक घसरलं की दुसऱ्याचंही बळ जातं. ते टाळायला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आलं. ते पकड असलेल्या चाकाला जास्त ताकद देतं, आणि तेच चाक स्टिअरिंगला जास्त ओढतं. चाकाचा मध्य वळण्याच्या अक्षापासून जितका लांब, तितका या ओढीचा तरफेसारखा जोर मोठा. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे छोट्या गाड्यांच्या नेहमीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये, हा अक्ष वरच्या माउंटमधून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत तिरका जातो, म्हणून हे अंतर फारसं कमी करता येत नाही.

इलाज म्हणून स्ट्रट स्थिर ठेवून फक्त चाकाचा नकल, म्हणजे चाक धरणारा भाग, वेगळ्या, जवळच्या अक्षावर वळवायचं ठरलं. रेनोने २००४ च्या मेगान आरएसमध्ये ते केलं. २००९ च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये त्याला रेवोनकल असं नाव मिळालं, आणि ३०५ अश्वशक्ती फक्त पुढच्या दोन चाकांवर चालली. होंडाने २०१५ च्या सिव्हिक टाइप आरमध्ये तोच मार्ग धरला. फोर्डने मात्र फोकस आरएसच्या पुढच्या पिढीत चारही चाकांना ताकद दिली.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा टॉर्कच कमी करण्याचा उपायही काहींनी वापरला. माझ्या मते ती दुरुस्ती नाही, टाळाटाळ आहे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या मोटरने उलटा जोर लावून ओढ झाकण्याची युक्ती त्यापेक्षा बरी.

इलेक्ट्रिक गाड्यांनी प्रश्न पुन्हा जागा केला, कारण मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते. पण मोटर लहान असते, ती मागच्या ॲक्सलवरही सहज मावते. २०२० च्या फोक्सवॅगन आयडी.३ मध्ये ती मागे आहे. २०२३ मध्ये व्हॉल्वो एक्ससी४० आणि पोलस्टार २ यांच्या एका मोटरच्या इलेक्ट्रिक आवृत्त्यांनी पुढची चाकं सोडून ताकद मागे नेली.